पन्हाळ्यावर सराव, भूतानमध्ये शर्यत

कोल्हापुरातल्या सायकलवाल्यांचा रविवार बहुतेक पन्हाळ्याच्या चढावरच उजाडतो. वर चहा, दोन फोटो आणि ऊन तापायच्या आत खाली. यातल्या एखाद्याच्या डोक्यात कधीतरी परदेशातल्या डोंगरी शर्यतीचा किडा शिरतोच. वेडेपणा नाही तो. नाशिकचे महाजन बंधू, हितेंद्र आणि महेंद्र, दोघंही पेशानं डॉक्टर. २०१५ मध्ये त्यांनी जोडीनं सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ नऊ दिवसांच्या आत संपवली.

आपल्या खिशाला त्यापेक्षा भूतान जवळचं. तिथं २०१० मध्ये ‘टूर ऑफ द ड्रॅगन’ ही हौशी सायकलपटूंची शर्यत सुरू झाली. बुमथांग ते थिंफू, २६८ किलोमीटर, तेही एका दिवसात! रात्री दोनला अंधारात सुरुवात, वाटेत चार खिंडी, एकूण चढ ३,७९० मीटर.

आता हिशोब करा. कोल्हापूर ते पन्हाळा चढ साधारण ४०० मीटर. म्हणजे एका दिवसात नऊ-दहा पन्हाळे. ऐकूनच घाम फुटतो, पण पायांची तयारी इथं होऊ शकते. शर्यत सप्टेंबरात, त्यामुळं सराव ऐन पावसात. गगनबावड्याकडं धुकं, निसरडा रस्ता, ओले ब्रेक. वैताग येतो, पण ओल्या उतारावर ब्रेक किती दाबायचा हे घरातल्या ट्रेनरवर कळत नाही. कधीतरी पहाटे तीनला लाइट लावूनही निघा. (एकट्यानं नको, आणि घरी सांगून.)

कोल्हापुरात मिळत नाही ती विरळ हवा. आपण राहतो साडेपाचशे मीटरच्या आसपास. भूतानमधली योतोंग ला खिंड ३,४०० मीटरवर, तिथं श्वासागणिक ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच मिळतो. इथला सहज वेग तिथं धाप लावतो. म्हणून चार-पाच दिवस आधी पोचायचं. शरीर पुरतं रुळायला आठवडे लागतात, पण डोकेदुखी आणि झोपेची बोंब तेवढ्यात बरीच कमी होते. भारतीय पर्यटकाला तिथं रात्रीमागं १,२०० रुपये शुल्क पडतं, राहणं-खाणं वेगळं. महागडी हलकी चाकं घेण्यापेक्षा पैसे या रात्रींवर घालवा, असं माझं स्पष्ट मत.

रेल्वेनं पश्चिम बंगालमधल्या हसिमाराला उतरायचं, तिथून फुंटशोलिंग, मग गाडीनं घाटच घाट. दिवसचे दिवस पेडल नाही म्हणून जीव खालीवर होतो. होऊ देऊ नका. शेवटच्या दोन आठवड्यांत सराव तसाही निम्म्यावर आणायचा असतो. पोचल्यावर रोज तासाभराची फेरी, त्यात दोन-तीन छोटे जोरदार चढ, बास. बुडालेला सराव भरून काढायला गेलात, तर शर्यतीआधीच पाय संपतील.

सायकल पॅक करायला दुकानातून नव्या सायकलीचा रिकामा खोका मागून आणा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, घरीच एकदा खोलून-जोडून बघा. गिअरचा हँगर जादा ठेवा. खोका आपटला की आधी तोच वाकतो.

जेवणात एमा दात्शी, म्हणजे मिरच्या आणि चीजची भाजी. कोल्हापूरकर खूश होणार! पण आदल्या रात्री साधा भातच बरा.

आणि ताकद राखून ठेवायची ती शेवटच्या दोचू ला खिंडीसाठी. नदीकाठच्या १,२०० मीटरवरून ३,१०० च्या वर, जवळपास सलग. दोनशे किलोमीटर मारून झाल्यावर एकावर एक रचलेले चार-पाच पन्हाळे, आणि मधे चहाला थांबलात तर घड्याळ थांबत नाही.