दूध डेअरीला जातं, गरोदर सुनेच्या ताटात काय येतं?

शिरूर/दौंड : भीमा आणि घोडच्या काठच्या गावांत सकाळ उजाडते ती डेअरीपुढच्या कॅनच्या रांगेनं. गोठ्यात दोन-चार गायी बऱ्याच घरांत आहेत. पण त्याच घरातल्या गरोदर सुनेला रोज पेलाभर दूध मिळतं का, हे सहसा कोणी विचारत नाही. उलट "जास्त खाऊ नको, पोर मोठं झालं की बाळंतपण जड जातं," असंच तिला सांगितलं जातं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या संशोधकांनी याच ताटाचा हिशोब नीट मांडला आहे.

केईएमचं या भागाशी नातं जुनं. डॉ. बानू कोयाजी यांनी 1970च्या दशकात शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. गावातल्याच बायकांना शिकवून त्यांच्याकडून माता-बालकांची काळजी घ्यायची, ही त्यांची पद्धत. 1993 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला.

त्या बायकांचं गरोदर होण्याआधीचं वजन सरासरी 42 किलोच्या आसपास होतं. त्यांची बाळं सरासरी 2.7 किलोची जन्मली. इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनची बाळं 3.5 किलोची. इथवर कुणालाही नवल वाटणार नाही. खरी गोष्ट पुढं आहे. आपली बाळं हातापायानं काटकुळी होती, पण कातडीखालची चरबी त्या मानानं फारशी कमी नव्हती. वरून लुकडं, आतून चरबीचं. अशा शरीराला पुढं साखरेच्या आजाराचा धोका जास्त असतो. म्हणजे बाळ लहान ठेवून बाळंतपण सोपं करायला जावं, तर त्याची किंमत पोर मोठं झाल्यावर मोजावी लागते.

याच अभ्यासात आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी आहार पाहिला. ज्या बायका हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा घेत होत्या, त्यांची बाळं चांगल्या वाढीची निघाली. ज्यांच्यावर शेतातलं आणि घरातलं कामाचं ओझं जास्त, त्यांची बाळं लहान. मेथी, शेपू, चवळी तर बांधावर येते. विकत आणायला नको. पण खुरपणीला, कांदा काढायला गेलेल्या बाईला ती निवडायला तरी वेळ कुठं मिळतो? उसाच्या फडात मोळ्या वाहणाऱ्या बाईचं तर विचारूच नका. नुसता तिला सल्ला देऊन भागत नाही, तो सासू आणि नवऱ्यानंही ऐकायचा असतो.

दुसरी अडचण बी-12 या जीवनसत्त्वाची. तपासलेल्या बायकांत तिघींपैकी दोघींना ते कमी होतं. ते दूध, दही, ताक, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळतं; भाकरी-भाजीत नसतं. उपकेंद्रातल्या लाल गोळीत लोह आणि फॉलिक ॲसिड असतं, बी-12 नसतं. म्हणून गोळी बंद करायची नाही, ती हवीच. सोबत बी-12 लागेल का, हे डॉक्टरांना विचारायचं. ज्या आयांचं फॉलेट जास्त आणि बी-12 कमी होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिन नीट काम करत नसल्याची चिन्हं दिसली, असं 2008 साली प्रसिद्ध झालं. आता बाळंतपणाच्या आधीच, वयात येणाऱ्या मुला-मुलींना बी-12 देऊन पाहण्याचा प्रयोगही याच गटानं 2012पासून केला.

अंगावरच्या दुधाचंही तसंच आहे. जन्मल्यावर तासाभरात बाळाला छातीशी घ्यावं. पहिलं पिवळसर चिकाचं दूध टाकून देऊ नये. सहा महिने मध, गुटी, पाणी काही नको, उन्हाळ्यातसुद्धा. आईचं दूध बाळाला पुरतं, पण आईलाच बी-12 कमी असेल तर दुधातही ते कमी उतरतं. बाळंतिणीला डिंकाचे, अळिवाचे लाडू घालताना तिचं दूध-दही पथ्य म्हणून तोडणारी घरं आहेत, तिथं हे लक्षात घ्यायला हवं.

अंगावर पिणारं बाळ सुस्त वाटत असेल, मान धरत नसेल, हसायला लागलेलं हसेनासं झालं असेल किंवा हातपाय थरथरत असतील, तर ग्रामीण रुग्णालयात लगेच दाखवावं. आणि आई दूध, अंडी, मटण काय खाते, काय खात नाही, हे डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगावं.