विश्लेषण : संशोधन एकीचे, श्रेय विभागलेले… संशोधकांना १६ अंकी ओळखक्रमांक का हवा?

प्राध्यापकपदासाठी मुलाखत असो वा संशोधन निधीसाठी अर्ज, उमेदवाराचे नाव इंटरनेटवर शोधले जाण्याची शक्यता असतेच. तिथे अर्धेच काम दिसले, तर नुकसान संशोधकाचे होते.

नावांचा घोळ कसा होतो?

शोधनिबंधांवर अनेकदा आडनाव आणि आद्याक्षरेच छापली जातात. ‘पाटील एस.’ या नावाने शोधल्यास वेगवेगळ्या विषयांतील कितीतरी जण सापडतात. कधी वडिलांचे नाव असते, कधी नसते. इंग्रजी स्पेलिंगही बदलते. विवाहानंतर आडनाव बदललेल्या महिलांचे संशोधन तर थेट दोन नावांत विभागले जाते.

याचा गुणांकनावर परिणाम काय?

संशोधनाचा प्रभाव मोजण्यासाठी ‘एच-इंडेक्स’ वापरला जातो. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी तो २००५ मध्ये मांडला. सहा निबंधांचा प्रत्येकी किमान सहा वेळा इतरांनी संदर्भ दिला, तर एच-इंडेक्स सहा. समजा, एका संशोधिकेचे असे सहाच निबंध आहेत. तीन माहेरच्या आडनावाने, तीन सासरच्या. दोन स्वतंत्र प्रोफाइल तयार झाल्यास प्रत्येकीचा एच-इंडेक्स तीनच दिसेल. काम तेवढेच, आकडा मात्र निम्मा.

‘ऑर्किड’ म्हणजे काय?

ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झालेला हा संशोधकांसाठीचा १६ अंकी ओळखक्रमांक. शेवटच्या अंकाच्या जागी कधी ‘एक्स’ हे अक्षर येते. ना-नफा संस्थेमार्फत तो मोफत मिळतो. संस्था, देश किंवा आडनाव बदलले, तरी क्रमांक तोच राहतो. आधीची नावेही त्यात नोंदवता येतात. निबंध पाठवताना हा क्रमांक दिला आणि परवानगी दिली, तर अनेक नियतकालिकांतील निबंधांची नोंद आपोआप होते.

आणखी कुठे नोंद हवी?

‘गुगल स्कॉलर’वर प्रोफाइल मोफत आहे, मात्र ते शोधात दिसण्यासाठी संस्थेच्या ई-मेलची पडताळणी लागते. तिथे नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे निबंध आपल्या यादीत येऊ शकतात. ते वेळोवेळी काढावेत. ‘स्कोपस’ प्रोफाइल आपोआप तयार करते. एकाच व्यक्तीची दोन झाली असतील, तर ती एकत्र करण्याची विनंती करता येते. भारतात गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राचे तज्ज्ञांसाठी ‘विद्वान’ पोर्टल आहे. पीएचडी प्रबंध याच केंद्राच्या ‘शोधगंगा’वर असतात.

खबरदारी कोणती?

पहिल्या निबंधापासून नाव एकाच पद्धतीने लिहावे. ‘ऑर्किड’ला संस्थेच्या ई-मेलसोबत वैयक्तिक ई-मेलही जोडावा, नोकरी बदलल्यावर खाते अडकत नाही. ‘रिसर्चगेट’सारख्या संकेतस्थळांवर निबंधाची छापील पीडीएफ टाकण्याआधी प्रकाशकाशी झालेला हक्कांचा करार वाचावा. अनेकदा प्रकाशकाने मांडणी करण्यापूर्वीची प्रत ठेवण्यास मुभा असते, अंतिम प्रतीला नसते.

प्रोफाइलमुळे संशोधनाचा दर्जा वाढत नाही. केलेले काम ज्याचे त्याच्या नावावर राहते, एवढेच. मात्र निवडीच्या वेळी तेवढेही निर्णायक ठरू शकते.