न्हाणीतला धूर

पावसाळ्यात देवरूखच्या आसपासच्या एखाद्या वाडीत भल्या पहाटे चक्कर मारा. स्वयंपाकघरात गॅस आलेला असतो, तरी मागच्या पडवीतून धूर निघतोच. तो आंघोळीच्या पाण्याचा. चुलाणावर हंडा, खाली नारळाची सोडणं, चुडतं आणि दमट लाकडं. कोकणात घर ऊबदार ठेवावं लागत नाही. तापवायचं ते पाणी. सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८० च्या दशकात आला, २०१६ मध्ये उज्ज्वला आली. दोन्हींची नजर स्वयंपाकावर होती, न्हाणी तशीच राहिली.

चौघांच्या आंघोळीला शंभर लिटर पाणी वीस अंशांनी तापवायचं, तर सुमारे २.३ युनिट ऊर्जा लागते. किलोभर सुक्या लाकडात याच्या जवळजवळ दुप्पट ऊर्जा असते, म्हणजे अर्धा किलो पुरायला हवं. प्रत्यक्षात चार-पाच किलो जळतं, कारण उघड्या चुलाणाची दहा-पंधरा टक्केच उष्णता पाण्याला मिळते. लाकूड ओलं असेल तर आधी त्यातलं पाणी उकळून घालवावं लागतं, आग थंडावते आणि अर्धवट जळलेलं सरपण धूर होऊन बाहेर पडतं. तांब्याचा बंब बरा, कारण त्यात जाळाची नळी पाण्याच्या मधोमध असते. पण धूर तोही करतो.

सौरबंब उन्हाळ्या-हिवाळ्यात उत्तम. मात्र तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळणाऱ्या या भागात गरम पाण्याची खरी गरज भासते, नेमका तेव्हाच सूर्य दडलेला असतो. इथे मला उष्णता पंप फार मोलाचा वाटतो. फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो. हा पंप बाहेरच्या हवेतली उष्णता पाण्यात ओततो. विजेच्या एका युनिटमागे साधारण तीन युनिट उष्णता मिळते. थंड देशांत गारठलेल्या हवेतून ती ओढताना त्याची दमछाक होते. आपली श्रावणातली हवा पंचवीस अंशांच्या आसपास, वर बाष्पाने भरलेली. थंड नळ्यांवर त्या बाष्पाचे थेंब होतात, तेव्हा त्यातली सुप्त उष्णताही पंपाला मिळते. ज्या दमट हवेने आपले कपडे वाळत नाहीत, तीच इथे इंधन ठरते. टाकीला उष्णतारोधक आवरण असल्यामुळे वीज असेल तेव्हा पाणी तापवून ठेवता येतं.

गॅस गिझर स्वस्त पडतो, पण बंद न्हाणीत तो नको. ज्वलन अपुरं झालं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो.

उष्णता पंपाची किंमत मात्र सौरबंबापेक्षा जास्त आणि परसातलं सरपण फुकट, म्हणून निर्णय पुढे ढकलला जातो. ते सरपण गोळा करणारी, रोज फुंकणी घेऊन धुरात बसणारी बहुधा घरातली बाईच असते. तोवर निदान लाकडं मिरगाआधी छपराखाली जावीत, हंड्यावर झाकण असावं आणि चुलाणाचं धुराडं कौलांच्या वर निघावं.