दुखणं राहिलं, गोळी गेली : संधिवाताचं चांगलं औषध बंद होतं तेव्हा

मागच्या व्याख्यानात सांध्यांची झीज कशी होते, सूज कुठून येते हे आपण पाहिलं. तेव्हा पुष्कळ जणांनी एकच प्रश्न विचारला होता. लागू पडलेलं औषध अचानक बाजारातून काढून घेतलं तर आम्ही करायचं काय? आजचं बोलणं त्याच प्रश्नावर. त्यासाठी आपण एकच उदाहरण नीट पाहू या, रोफेकॉक्सिबचं. अमेरिकेत ते 'व्हायॉक्स' या नावानं विकलं जायचं.

ही गोळी 1999 मध्ये आली. शरीरात दुखणं आणि सूज वाढवणारी रसायनं तयार करणारी दोन एन्झाइम्स आहेत, कॉक्स-1 आणि कॉक्स-2. पहिलं पोटाचं अस्तर जपतं, दुसरं मुख्यतः सूज आली की जोर धरतं. जुन्या वेदनाशामक गोळ्या दोन्ही बंद करतात, म्हणून दुखणं थांबतं आणि पोट बिघडतं. रोफेकॉक्सिब फक्त दुसरं बंद करायचं. शिवाय त्याचा असर लांब टिकायचा, सकाळी एक गोळी घेतली की दुसऱ्या दिवशी उठेपर्यंत पुरायची. ही लांबीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती आपल्याला लागणार आहे.

अडचण अशी की कॉक्स-2 रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूलाही काम करतं. तिथे ते रक्ताची गुठळी होऊ न देणारं एक रसायन बनवतं. ते थांबलं आणि गुठळी करणारी बाजू मात्र तशीच चालू राहिली, तर तराजू एका बाजूला झुकतो. 2000 साली एका मोठ्या चाचणीत नॅप्रोक्सेन घेणाऱ्यांपेक्षा ही गोळी घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे झटके जास्त दिसले होते. कंपनी म्हणाली, नॅप्रोक्सेनच हृदयाला जपत असेल. मग दुसरी चाचणी झाली. ती खरं तर आतड्यातल्या गाठींसाठी होती. 2586 माणसं, निम्म्यांना 25 मिलिग्रॅमची गोळी, निम्म्यांना औषध नसलेली गोळी. दीड वर्षानंतर फरक दिसायला लागला. अखेरीस गोळीच्या गटात 46 जणांना आणि दुसऱ्या गटात 26 जणांना झटका, पक्षाघात किंवा तशाच गुठळीचा त्रास झाला. 30 सप्टेंबर 2004 रोजी मर्क कंपनीनं औषध जगभरातून मागे घेतलं.

आपल्याकडे काय झालं? तेव्हा भारतात औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नव्हतं (ते 1 जानेवारी 2005 पासून आलं), त्यामुळे रोफेकॉक्सिब अनेक कंपन्यांच्या वेगवेगळ्या नावांनी मिळायचं. सरकारची बंदी आली 13 डिसेंबर 2004 ला. मधले अडीच महिने पेपरात 'व्हायॉक्स बंद' अशी बातमी होती आणि लोकांच्या खिशात भलत्याच नावाची गोळी. आपण घेतो ती तीच, हे पुष्कळांना माहीतच नव्हतं. म्हणून स्ट्रिपवरचं मोठं नाव वाचून थांबू नका, त्याखालचं बारीक अक्षरातलं नाव वाचा.

त्या काळात आमच्याकडे एक शिक्षिका येत. वय साठीच्या जवळ, दोन्ही गुडघे झिजलेले, रक्तदाब असलेला. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. या गोळीवर त्या दोन वर्षं चांगल्या चालत होत्या. बंदीची बातमी आली तेव्हा त्यांनी मेडिकलमधून पाच-सहा स्ट्रिप आणून कपाटात ठेवल्या होत्या. आमच्यासमोर बसून म्हणाल्या, "आता मला सांगा, दुखणं सोसत जगू की गोळी खाऊन मरू?"

आम्ही त्यांना आकडे सांगितले. त्या चाचणीच्या हिशेबानं हजार माणसांनी वर्षभर गोळी घेतली तर साधारण पंधरा जणांना असा त्रास होतो, न घेता आठ जणांना होतो. म्हणजे सात जास्त. एका माणसाला हा आकडा लहान वाटतो. लाखो लोक घेतात तेव्हा तो लहान राहत नाही, आणि रक्तदाब असलेल्या माणसाचा धोका मुळातच वरचा असतो. बाई गणिताच्या. त्यांना पटलं. पण पटल्यानं गुडघा थांबत नाही ना.

आणि इथे आम्ही चुकलो. कॉक्स-2 ची गोळी गेली म्हणून जुन्या पद्धतीची गोळी लिहून दिली, पोटाचं संरक्षण करणारं औषध न जोडता. दीड महिन्यात त्या परत आल्या, शौचाला काळी होत होती. पोटात व्रण होऊन रक्त जात होतं. त्या वाचल्या, पण त्या दिवसापासून 'याच्या जागी तेच काम करणारं दुसरं' असा सरळ शोध घेणं आम्ही बंद केलं.

त्याऐवजी काय विचारायचं? ती गोळी तुमचं नेमकं कोणतं काम करत होती? बाईंना आम्ही एक कॅलेंडर दिलं आणि दुखण्याची वेळ लिहायला सांगितली. किती दुखलं ते नको, केव्हा आणि काय करताना तेवढंच. पंधरा दिवसांनी बघितलं तर दिवसभर दुखतं असं म्हणणाऱ्या बाईंच्या नोंदी तीन ठिकाणी गोळा झाल्या होत्या. उठल्यावरची वीस मिनिटं, सलग दोन तास उभं राहून शिकवल्यानंतर, आणि संध्याकाळचा जिना.

आता गोळीच्या लांबीकडे येऊ. पॅरासिटामॉलचा असर चार-सहा तासच टिकतो. त्या ते दुखणं असह्य झालं की घ्यायच्या आणि म्हणायच्या, "याचा काही उपयोग नाही." झिजेच्या दुखण्यावर पॅरासिटामॉल तसं कमजोरच औषध आहे, हेही खरं. पण जे काही ते देतं ते जिना चढायच्या अर्धा-पाऊण तास आधी घेतलं तर कामाच्या वेळी मिळतं. एकूण मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्या, कारण सर्दीच्या गोळ्यांतही तेच असतं आणि बेरीज नकळत वाढते. गुडघ्याला आणि बोटांना डायक्लोफेनॅकचं जेल लावता येतं. ते रक्तात फार कमी उतरतं. खुब्यासाठी त्याचा उपयोग नाही, सांधा फार खोल आहे.

सकाळच्या वीस मिनिटांसाठी गरम पाण्याचा शेक आणि पलंगावर बसूनच पाय सरळ-वाकडे करणं. शाळेत उंच स्टूल मागून घेतलं, त्यासाठी मुख्याध्यापकांना एक चिठ्ठी आम्हीच लिहिली. घरी जमिनीवर बसणं बंद, मांडी घालणं बंद, कमोड बसवला. काठीला मात्र त्या तयार नव्हत्या. "वर्गात काठी घेऊन गेले तर पोरं काय म्हणतील?" मग लांब दांड्याची छत्री. तिची उंची मनगटाच्या रेषेइतकी हवी आणि ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची. बहुतेक माणसं दुखऱ्या बाजूलाच धरतात, तिथे तिचा फायदा होत नाही. यांचे दोन्ही गुडघे दुखायचे, पण उजवा जास्त, म्हणून छत्री डाव्या हातात.

सगळ्यात हळू फळ देणारा भाग मांडीच्या स्नायूंचा. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, पाच-दहा आकडे मोजायचे, खाली. रोज. सहा-आठ आठवडे काही वाटत नाही आणि तिथेच लोक सोडून देतात. व्यायामानंतर थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशीही दुखणं वाढलेलंच राहिलं, तर मात्रा कमी करा, व्यायाम बंद करू नका. वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी उतरतो. हे सांगायला सोपं आहे, आम्हालाही आमचं वजन उतरवता आलेलं नाही.

या सगळ्यातून बाईंना गोळीइतकं बरं वाटलं का? नाही. जिन्यावर प्रत्येक मजल्याला थांबायला लागायचं. पण निवृत्तीपर्यंत त्यांनी शिकवलं.

दोन गोष्टी घाईनं सांगतो. हे सगळं झिजेच्या संधिवाताचं झालं. सकाळचा ताठरपणा तासाहून जास्त टिकत असेल, हाताचे छोटे सांधे दोन्ही बाजूंना सुजत असतील, तर तो आमवात असू शकतो. तिथे वेदनाशामक गोळी रोग थांबवतच नव्हती, फक्त झाकत होती. मेथोट्रेक्सेटसारखं मूळ रोगावरचं औषध लागतं, आणि ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं.

दुसरं, कॉक्स-2 गटातली सगळी औषधं गेलेली नाहीत. व्हॅल्डेकॉक्सिबवर आपल्याकडे जुलै 2005 मध्ये बंदी आली. सेलेकॉक्सिब आणि एटोरिकॉक्सिब मिळतात. 2016 मध्ये आलेल्या 24 हजार रुग्णांच्या चाचणीत मध्यम मात्रेतलं सेलेकॉक्सिब हृदयाच्या बाबतीत नॅप्रोक्सेन-आयब्युप्रोफेनपेक्षा वाईट ठरलं नाही. एटोरिकॉक्सिबनं रक्तदाब चढतो, तो आटोक्यात नसेल तर ते नको. म्हणजे दार बंद नाही, पण मेडिकलवाल्याला "त्याच्यासारखं काहीतरी द्या" म्हणून उघडायचं ते दार नव्हे.

श्रोत्यांमधून प्रश्न आला आहे : "आमच्या आईला औषध बंद झाल्यापासून गावाकडच्या एकांची पुडी लागू पडली आहे. दोन दिवसांत चालायला लागली. ती द्यावी का?"

इतक्या झटपट गुण आला तर पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची शंका आम्ही आधी घेतो. चेहरा गोल झालाय का, साखर किंवा रक्तदाब वाढलाय का, तपासून घ्या. पण ऐकल्याबरोबर आज रात्रीच पुडी फेकू नका. काही आठवडे स्टेरॉइड चालू असेल तर शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, आणि ते एकदम तोडलं तर रक्तदाब कोसळू शकतो. उद्या सकाळी आईला आणि उरलेल्या पुड्यांना सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. किती दिवसांपासून चालू आहे ते त्यांना सांगा. ते टप्प्याटप्प्यानं उतरवतील.