वर्तुळाबाहेरची विहीर

एकलहऱ्याच्या वीज केंद्राची धग आम्हा नाशिककरांना ठाऊक आहे. पण विदर्भातला कोळसा काढताना कोणाच्या विहिरी आटतात, हे येथे कोणी विचारत नाही.

चंद्रपूरकडे नव्या खाणीचा प्रस्ताव आला की पर्यावरण अहवालात तिच्याभोवती दहा किलोमीटरचे अभ्यासक्षेत्र आखले जाते. पाणी मात्र कंपासची रेघ मानत नाही. ते उताराने, नाल्याने, खडकाच्या थरांतून जाते. खाण कोरडी ठेवण्यासाठी अखंड उपसा चालतो, तशी भोवतालची भूजल पातळी खचते. उपसलेले पाणी नाल्यातून वर्धा नदीत, पुढे प्राणहितेत आणि शेवटी आपल्याच गोदावरीत!

आम्ही वकिली करणारे सांगतो, ज्या विहिरीची अहवालात नोंदच नाही, ती आटल्याचे सिद्ध करणे महाकठीण. भूमिहीन मजुराकडे तर सातबाराही नसतो. वस्तीची विहीर हाच त्याचा आधार.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना दामोदर योजना पुढे नेली. तोही कोळशाचाच मुलूख. पण तेथे विचार झाला तो संपूर्ण खोऱ्याचा. मग आज वर्तुळ कशाला?

२००६ च्या अधिसूचनेत जनसुनावणीची तरतूद आहे. बांधवांनो, तेथे लेखी विचारा : पाणलोटाचा नकाशा कुठे आहे? आमच्या विहिरीची उन्हाळ्यातली पातळी मोजली काय? १९२७ साली चवदार तळ्यावर बजावलेला पाण्याचा हक्क नकाशातल्या एका रेघेने हिरावू देऊ नका!