मालवाहू गाडी : नवी घ्यावी की जुनी?

शेतात माल पिकविणे हे शेतकऱ्याचे अर्धे काम होय. तो वेळेवर व चांगल्या स्थितीत बाजारपेठेत पोहोचविणे हे उरलेले अर्धे. पहिल्या अर्ध्यासाठी शेतकरी बियाणे पारखून घेतो, खताची मात्रा ठरवितो, पाण्याच्या पाळ्या मोजतो. परंतु दुसऱ्या अर्ध्यासाठी लागणारी मालवाहू गाडी घेताना मात्र तो पुष्कळदा शेजाऱ्याकडे पाहून किंवा विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून निर्णय घेतो. या एका निर्णयात कित्येक कुटुंबांची चार-पाच वर्षांची शिल्लक गुंतलेली असते आणि प्रसंगी जमिनीचा तुकडाही तारण पडतो. यास्तव या प्रश्नाचा विचार पिकाच्या विचाराइतक्याच काळजीने होणे अगत्याचे आहे.

२००५ साली टाटा कंपनीने ‘एस’ ही चारचाकी छोटी गाडी बाजारात आणली आणि ‘छोटा हत्ती’ या नावाने ती खेडोपाडी परिचित झाली. पुढे दीड-दोन टन माल नेणाऱ्या पिकअप गाड्याही गावोगाव दिसू लागल्या. गाड्या वाढल्या तसा जुन्या गाड्यांचा बाजारही वाढला. आता शेतकऱ्यापुढे दोन वाटा असतात : कर्ज काढून नवी गाडी घ्यावी, की निम्म्या किमतीत जुनी घ्यावी? या प्रश्नाचे सर्वांना लागू पडेल असे एकच उत्तर नाही. तथापि उत्तर शोधण्याची रीत मात्र सर्वांना एकच आहे.

आधी फेऱ्या मोजाव्यात, मग गाडी पाहावी

गाडी दारात उभी असली तरी तिचा खर्च उभा राहत नाही. विमा, कर, कर्जाचे व्याज आणि वर्षागणिक उतरणारी किंमत हे चार खर्च गाडी चालो वा न चालो, होतच असतात. हे स्थिर खर्च नव्या गाडीचे अधिक व जुनीचे कमी असतात. याउलट इंधन, दुरुस्ती व सुटे भाग हे चालू खर्च. ते प्रत्येक किलोमीटरमागे वाढतात व जुन्या गाडीला अधिक लागतात. म्हणून वर्षातून गाडी किती दिवस व किती किलोमीटर चालणार, हा पहिला प्रश्न होय. गाडीचा रंग व कंपनीचे नाव हे प्रश्न त्यानंतरचे.

दोन उदाहरणे घेऊ. निफाड तालुक्यातील एक कांदा उत्पादक आपला व शेजाऱ्यांचा माल लासलगावच्या बाजारात नेतो, असे समजू. त्याच्या वर्षात ६० फेऱ्या होतात व प्रत्येक फेरी जाऊन-येऊन ४० किलोमीटरची असते. म्हणजे वर्षाला २,४०० किलोमीटर. दुसरा नारायणगाव परिसरातील भाजीपाला उत्पादकांचा गट. तो टोमॅटो व इतर भाज्या रात्री भरून माळशेज घाटाने वाशीच्या बाजारात पहाटे पोहोचवितो. त्याच्या फेऱ्या १५० व प्रत्येक फेरी सुमारे ३०० किलोमीटरची. म्हणजे वर्षाला ४५,००० किलोमीटर. दोघांनाही ‘मालाची गाडी’च हवी आहे, परंतु दोघांच्या गरजा एकमेकींपासून फार दूर आहेत.

हिशेबाची रीत

पुढील आकडे केवळ रीत दाखविण्यासाठी धरले आहेत. प्रत्येकाने त्यांच्या जागी आपल्या गावचे आकडे घालावेत.

नवी गाडी सर्व खर्चांसह १० लाख रुपयांची धरू. पाच वर्षांनी ती ४ लाखांस विकली गेली, तर किमतीतील घट वर्षाला १ लाख २० हजार होते. २ लाख रोख भरून उरलेले ८ लाख १० टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे १७ हजार रुपये बसतो व व्याज वर्षाला सरासरी ४४ हजार पडते. विमा, कर इत्यादींचे ४५ हजार धरता स्थिर खर्च वर्षाला २ लाख ९ हजार होतो.

जुनी गाडी ५ लाखांची धरू. पाच वर्षांनी तिचे २ लाख आले, तर घट वर्षाला ६० हजार. ३ लाखांच्या कर्जावरील एकूण ८१ हजारांचे व्याज पाच वर्षांवर विभागता सुमारे १६ हजार. विमा, कर इत्यादींचे ३५ हजार. घेतल्याबरोबर कराव्या लागणाऱ्या ४० हजारांच्या दुरुस्तीचा वार्षिक भाग ८ हजार. एकूण स्थिर खर्च १ लाख १९ हजार. म्हणजे जुन्या गाडीत वर्षाला ९० हजारांची बचत दिसते.

आता चालू खर्च पाहू. नव्या गाडीस इंधन व दुरुस्ती मिळून किलोमीटरमागे ९ रुपये व जुनीस साडेअकरा रुपये धरले, तर फरक अडीच रुपयांचा होतो. ९० हजारांस अडीचने भागले असता ३६,००० किलोमीटर येतात. हीच सीमारेषा. या हिशेबाप्रमाणे वर्षाला ३६,००० किलोमीटरपेक्षा कमी चालणाऱ्यास जुनी गाडी स्वस्त पडते व अधिक चालणाऱ्यास नवी.

कांदा उत्पादकाचा चालू खर्चातील तोटा केवळ ६ हजारांचा होतो. म्हणून जुनी गाडी त्यास नवीपेक्षा वर्षाला ८४ हजारांनी स्वस्त पडते. भाजीपाला गटास मात्र जुन्या गाडीचा चालू खर्च १ लाख १२ हजार ५०० रुपयांनी अधिक येतो. म्हणजे निम्म्या किमतीची ती गाडी त्यास वर्षाअखेर नवीपेक्षा २२ हजार ५०० रुपयांनी महाग ठरते.

यात वाटेत बंद पडण्याचा खर्च अजून धरलेलाच नाही. २० किलोचे ६० क्रेट टोमॅटो घेऊन निघालेली गाडी मध्यरात्री घाटात थांबली, तर मिस्त्री मिळेपर्यंत पहाटेचा बाजार निघून जातो. क्रेटला ४०० रुपये मिळावयाचे तेथे दुपारी २०० मिळाले, तर एका रात्रीत १२ हजारांचे नुकसान होते. वाळविलेला कांदा एक दिवस थांबू शकतो. पिकलेला टोमॅटो थांबत नाही. नाशवंत माल रोज दूर नेणाऱ्याने गाडीच्या भरवशाला किमतीइतकेच महत्त्व द्यावे, ते याच कारणाने.

तिसरी वाट : भाड्याची गाडी

कांदा उत्पादकाचा हिशेब येथेच संपत नाही. जुन्या गाडीचा १ लाख १९ हजारांचा स्थिर खर्च ६० फेऱ्यांवर विभागला, तर फेरीमागे १,९८३ रुपये पडतात. त्यात ४० किलोमीटरचे ४६० रुपये मिळविता प्रत्येक फेरी सुमारे २,४५० रुपयांची होते, आणि त्यात चालकाची मजुरी नाही. गावात तेवढ्याच मालाचे भाडे याहून कमी असेल, तर त्याने नवीही घेऊ नये व जुनीही घेऊ नये. घरी ट्रॅक्टर-ट्रॉली असल्यास बाजार जवळ असताना तीच पुरेशी ठरते. दारात गाडी असण्याचा मान मोठा असतो हे खरे. पण तो मान फेरीमागे कितीला पडतो, हे एकदा कागदावर मांडून पाहावे.

व्याजाचा फसवा आकडा

जुन्या गाडीस कर्ज देताना व्याजाचा दर पुष्कळदा ‘सपाट’ सांगितला जातो. ३ लाखांवर ९ टक्के सपाट दराने तीन वर्षांसाठी कर्ज घेतले, तर व्याज ८१ हजार व हप्ता १०,५८३ रुपये होतो. ऐकावयास ९ टक्के हा दर कमी वाटतो. परंतु मुद्दल दर महिन्यास फिटत असताना व्याज मात्र अखेरपर्यंत पूर्ण ३ लाखांवरच आकारले जाते. घटत्या शिलकीवर मोजल्यास हाच दर सुमारे सव्वासोळा टक्के भरतो. यास्तव कर्ज देणाऱ्यास ‘घटत्या शिलकीवर दर किती?’ असे स्पष्ट विचारावे व सर्व हप्त्यांची बेरीज लेखी मागावी. वरील उदाहरणात जुन्या गाडीचे व्याज याच दराने धरले आहे.

नवी गाडी घेताना

दुकानातील फलकावरची किंमत ही पूर्ण किंमत नव्हे. नोंदणी, कर, विमा व हौद्याचे काम धरून गाडी रस्त्यावर येईपर्यंतचा आकडा विचारावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. म्हणून जुन्या गाडीची किंमत ठरविताना मालकाने ती कितीला घेतली होती हे न पाहता, तशीच नवी गाडी आज कितीला मिळते हे पाहावे.

१ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज ६ ची प्रदूषण मानके लागू झाली. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांत सामान्यतः धुरातील काजळी अडविणारी गाळणी असते. ही काजळी जळून जाण्यासाठी गाडी अधूनमधून दूरवर व बऱ्या वेगाने चालावी लागते. केवळ चार-पाच किलोमीटरच्या संथ फेऱ्या करणाऱ्याची गाळणी लवकर तुंबते. तेव्हा आपल्या फेऱ्या कशा आहेत हे विक्रेत्यास सांगून या बाबतीत सल्ला घ्यावा आणि भेसळीचे डिझेल कदापि वापरू नये.

जुन्या गाडीची परीक्षा

बैल घेताना जसे दात, खूर व चाल पाहतात, तशीच गाडीचीही परीक्षा करावी. ती दिवसाउजेडी व ओळखीच्या मिस्त्रीस सोबत घेऊन करावी.

पहिली परीक्षा सकाळी, इंजिन थंड असताना. विक्रेत्याने आधीच गाडी तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. निळसर धूर येत असल्यास इंजिन तेल जाळते असे समजावे. काळा धूर डिझेल नीट जळत नसल्याचे दाखवितो. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर राहिल्यास पाणी आत शिरत असण्याचा संभव असतो. चालू इंजिनाचे तेलाचे झाकण उघडता जोराने वाफारा येत असेल, तर इंजिन झिजलेले आहे. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसल्यास व्यवहार तेथेच थांबवावा. तापलेल्या रेडिएटरचे झाकण मात्र कधीही उघडू नये.

दुसरी परीक्षा गाडीच्या खाली वाकून करावी. चासीवर नवा रंग, वेल्डिंगचे सांधे वा तडे आढळल्यास अपघाताचा किंवा जादा भाराचा संशय घ्यावा. पाट्यांची कमान सपाट झाली आहे काय, टायर एकाच कडेने झिजले आहेत काय, हे पाहावे. टायरवरील चार आकड्यांतून त्याचे वय कळते : ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यातील टायर. गाडीने पूर्वी काय वाहिले हेही विचारावे. खडी व वाळू वाहिलेली गाडी वरून चकचकीत असली तरी खालून थकलेली असते.

तिसरी परीक्षा माल भरून चढावर. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर आपले दोष लपविते. भरल्या गाडीने चढ चढताना क्लच घसरतो काय, गिअर सुटतो काय व उतारावर ब्रेक एका बाजूस ओढतात काय, हे तत्काळ कळते.

कागदांची परीक्षा

इंजिन चांगले व कागद वाईट अशी गाडी ही वाईट गाडीच होय. नोंदणी पुस्तकातील इंजिन व चासीचे क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी अक्षर-अक्षर जुळवावेत. नोंदणीची माहिती शासनाच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर ताडून पाहावी. दंडाची चलने थकली आहेत काय, विमा, कर व योग्यता प्रमाणपत्र चालू आहेत काय, हेही पाहावे. मालवाहू गाडीची योग्यता तपासणी आठ वर्षे वयापर्यंत दर दोन वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी करावी लागते. १५ वर्षांवरील गाड्यांचे या तपासणीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून पुष्कळ वाढले आहे. गाडी पंधरा वर्षांच्या जवळ आली असेल तर हा खर्च किमतीतून वजा धरावा.

गाडीवर पूर्वीचे कर्ज असल्यास ते फिटल्याचा वित्तसंस्थेचा दाखला हाती आल्याविना रक्कम देऊ नये. एकाच राज्यातील व्यवहारात विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतरण परिवहन कार्यालयास कळविणे कायद्याने आवश्यक आहे. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा. नोंदणीत ज्याचे नाव असेल तोच मालक म्हणून अपघाताच्या भरपाईस जबाबदार, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला आहे. म्हणून जुनी गाडी विकणाऱ्या शेतकऱ्यानेही पैसे मिळाले म्हणजे सुटलो असे समजू नये.

मालासह एकूण वजनाची मर्यादा ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीस वेगळा परवाना लागत नाही. जादा भार भरल्यास मात्र दंड २० हजार रुपये व वरच्या प्रत्येक टनास आणखी २ हजार रुपये असा आहे. एवढ्या दंडात कित्येक फेऱ्यांची कमाई निघून जाते.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी काय करावे?

गाडी घेऊ इच्छिणाऱ्या शेतकऱ्यास कार्यकर्त्यांनी प्रथम एका वहीत गेल्या वर्षाच्या फेऱ्या लिहावयास सांगावे : महिना, माल, वजन, बाजार, अंतर व दिलेले भाडे. बहुतेकांना आपल्या फेऱ्या वाटतात त्याहून कमी भरतात. ही वही समोर ठेवून वरील रीतीने हिशेब मांडावा. एका घरच्या फेऱ्या पुरेशा नसतील, तर चार-पाच घरांनी मिळून गाडी घेण्याचा विचार करावा. मात्र पाळी, भाडे, दुरुस्तीचा निधी व चालकाची जबाबदारी यांचे नियम गाडी येण्यापूर्वी लेखी ठरवावेत, नंतर नव्हे.

जुनी गाडी घेणे हे कमीपणाचे नाही आणि नवी घेणे हा शहाणपणाचा पुरावा नाही. जी गाडी आपल्या फेऱ्यांतून आपला हप्ता फेडते, ती योग्य. जिचा हप्ता फेडण्यासाठी शेतातील माल विकावा लागतो, ती नवी असो वा जुनी, शेतकऱ्याला ओढत नेणारी गाडी होय.