दुर्बिणीतून की पोट उघडून?

शिक्षण कॉन्व्हेंटचं, त्यामुळे माझं मराठी जरा कच्चं आहे, सांभाळून घ्या. सुट्टीनंतर मी होस्टेलवर "अपेंडिक्स काढलं" असं सांगितलं होतं. ती थाप होती. माझ्या डाव्या ओव्हरीत सात सेंटिमीटरची डरमॉइड गाठ होती. कॅन्सरची नाही, साधी. पण मेसच्या टेबलावर हे बोलायचं कसं?

बऱ्याच साध्या पाण्याच्या गाठी दोन-तीन पाळ्यांत आपोआप जिरतात. डरमॉइड जिरत नाही. तिच्यात चरबी, केस, कधी चक्क दातसुद्धा असतात (ई!). शिवाय वजनाने ओव्हरीला पीळ बसला तर तातडीचं ऑपरेशन.

आजीचं म्हणणं, "पोट उघडून नीट बघू देत, एवढ्याशा भोकातून काय दिसणार?" उलट जास्त दिसतं! ५ ते १० मिलिमीटरच्या छेदांतून कॅमेरा आणि हत्यारं आत जातात. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात. तो पेट घेत नाही आणि रक्तात विरघळून श्वासावाटे निघून जातो. गॅसचं प्रेशर आपोआप सांभाळणारं यंत्र जर्मनीच्या कुर्ट झेम यांनी बनवलं. हे डॉक्टर आधी टूलमेकरचं काम शिकलेले, म्हणजे आपल्यातलेच! हत्यार छेदापाशी तरफेसारखं फिरतं, हात उजवीकडे तर टोक डावीकडे. म्हणून सर्जनला वेगळा सराव लागतो.

आईची काळजी वेगळीच, "पुढे लग्न, मुलंबाळं?" डॉक्टरांनी समजावलं, दोन्ही पद्धतींत फक्त गाठ सोलून ओव्हरी ठेवता येते. फरक आत शिरायच्या दाराचा. २००९ च्या कोक्रेन आढाव्यात १२ चाचण्या, ७६९ स्त्रिया होत्या. दुर्बिणीने ताप आणि दुखणं कमी, हॉस्पिटलचा मुक्काम जवळजवळ तीन दिवसांनी कमी.

मग सगळ्यांचीच दुर्बिणीने का नाही करत? गाठ फार मोठी असेल किंवा कॅन्सरची शंका असेल तर पोट उघडणंच बरं. दुर्बिणीत गाठ फुटून आतलं सांडण्याची शक्यताही जास्त, म्हणून ती पिशवीत घालून काढतात. माझ्या संमतीपत्रावर "गरज पडल्यास पोट उघडू" अशी ओळ होती. सही करताना हात थरथरला, खरं सांगते.

उघडावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी घरी! दुखला तो मात्र खांदा. गॅसमुळे पोटावरचा पडदा चिडतो आणि कळ खांद्यात येते, हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि वॉर्डन मॅडम, सर्टिफिकेटवर लिहिलंय तेच खरं. अपेंडिक्स अजून जागेवर आहे.